आयजीआय पुन्हा खेळताना: जुना खेळ नेमका कुठे जुना होतो?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथं तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय कळल्यावर एका स्नेह्यांनी मला विचारलं, "व्हिडिओ गेमवर व्याख्यान? त्यात पाऊण तास बोलण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, ज्या खेळानं आपल्यातल्या कित्येकांची कॉलेजची दोन वर्षं खाल्ली, त्याला आपण पाऊण तास देऊ शकतो. (हशा)

आधी एक विचारतो. 'प्रोजेक्ट आयजीआय' इथं कुणी कुणी खेळलंय? हात वर करा. बघा, बरेच हात आहेत, आणि बहुतेक चाळिशीच्या आगेमागचे आहेत. ज्यांनी हात वर केला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

हा खेळ 2000 सालच्या शेवटी आला. नॉर्वेतल्या इनरलूप स्टुडिओज या कंपनीनं तो बनवला आणि आयडॉसनं प्रकाशित केला. आयजीआय म्हणजे 'आय एम गोइंग इन', 'मी आत शिरतोय'. नायक डेव्हिड जोन्स हा ब्रिटिश एसएएसचा माजी सैनिक. पूर्व युरोपातल्या लष्करी तळांवर त्यानं एकट्यानं शिरायचं. कानात रेडिओवर अन्या नावाची सहकारी सूचना देते, आणि चोरीला गेलेल्या अण्वस्त्राचा माग काढत गोष्ट पुढे जाते. एकूण 14 मिशन. सोबत दुर्बीण, उपग्रहावरून तळाचं चित्र दाखवणारा नकाशा आणि बंदूक. मदतीला दुसरं कुणी नाही.

आपल्याकडे हा खेळ सायबर कॅफेतून पसरला. मी कऱ्हाडला शिकत होतो. तासाला वीस रुपये. मॉनिटर पेटीएवढा मोठा, खुर्ची मोडकी, आणि एकजण खेळणार तर तिघं मागं उभे राहून सल्ले देणार. "अरे डावीकडं बघ, मनोऱ्यावर आहे एक!" हे वाक्य त्या खोलीत दिवसातून पन्नासदा तरी ऐकू यायचं. माझ्या आठवणीत तो जगातला सगळ्यात भारी खेळ होता. मी मुद्दाम 'होता' म्हणतोय.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा आला होता. वय पंधरा. मी मोठ्या कौतुकानं लॅपटॉपवर आयजीआय लावला आणि म्हटलं, "बस इथं. आमच्या वेळचा खेळ दाखवतो तुला." पोरगा हुशार आहे. दहा मिनिटांत चालणं, वाकणं, नेम धरणं जमलं. वीस मिनिटांत तो तळाच्या निम्म्यात पोचला. मग एका वळणावर पाठीत गोळी लागली आणि संपलं. पडद्यावर मिशन पहिल्यापासून सुरू झालं.

तो माझ्याकडं वळून म्हणाला, "मामा, सेव्ह कुठं आहे?"

मी म्हटलं, "सेव्ह नाही रे."

"म्हणजे? मधे कुठंच नाही?"

"मिशन पूर्ण झालं की आपोआप होतं. मधे नाही."

त्यानं आणखी दोनदा प्रयत्न केला. मग अगदी नम्रपणे म्हणाला, "मामा, छान आहे. पण मी नंतर खेळतो." मंडळी, या 'नंतर'चा अर्थ आपल्या सगळ्यांना माहीत आहे. (हशा)

मला राग आला, खोटं कशाला बोलू. वाटलं, या पिढीला धीरच नाही. त्या रात्री तो झोपल्यावर मी स्वतः खेळायला बसलो. एक मिशन पार करायला मला पाच वेळा मरावं लागलं, आणि चौथ्या वेळेला मीसुद्धा लॅपटॉप बंद करणार होतो. तेव्हा प्रश्न पडला, की तेव्हा मी हे इतक्या आनंदानं कसं करत होतो? खेळ तर तोच आहे. एक अक्षर बदललेलं नाही. मग जुनं काय झालं? आजचं व्याख्यान या एका प्रश्नावर आहे.

चित्र जुनं होतं, पण तो भाग सगळ्यात सोपा

पहिलं उत्तर सगळे देतात: ग्राफिक्स. ते खरंच आहे. माणसांचे चेहरे म्हणजे खोक्यावर चिकटवलेला फोटो, बोटं एकमेकांना चिकटलेली, झाडं म्हणजे फुलीसारखे उभे केलेले दोन कागद. त्यात एक गंमत सांगतो. आपण हे खेळ काचेच्या जाड पिक्चर ट्यूबवाल्या मॉनिटरवर पाहिले. तिथं चित्राच्या कडा जराशा विरघळलेल्या दिसायच्या. आजचा सपाट पडदा प्रत्येक ठिपका कोरून दाखवतो. म्हणजे खेळ आठवणीतल्यापेक्षा ओबडधोबड दिसतो, त्यात थोडा दोष पडद्याचाही आहे.

पण ग्राफिक्सला डोळे दहा मिनिटांत सरावतात. भाच्यानं चित्रांबद्दल एका शब्दानं तक्रार केली नाही. आजची मुलं मुद्दाम ठोकळ्यांचे खेळ खेळतात, माइनक्राफ्ट बघा. आणि टेट्रिस 1984 सालचा आहे, तो आजही कुणी हातात दिला तर आपण खेळत बसतो. टेट्रिस का म्हातारा होत नाही? कारण तो कशाचीच नक्कल करत नाही. ठोकळा हा ठोकळाच आहे.

आपल्या रंगभूमीवरचं उदाहरण घ्या. संगीत नाटकात मागं रंगवलेला पडदा असायचा, जंगलाचा किंवा महालाचा. 'मी खरं जंगल आहे' असा त्या पडद्याचा दावा कधीच नव्हता, त्यामुळे तो आज पाहिला तरी खोटा वाटत नाही. पण जे नेपथ्य 'हा हुबेहूब दिवाणखाना आहे' म्हणतं, ते वीस वर्षांनी त्यातल्या टेलिफोनवरून आणि सोफ्यावरून लगेच ओळखू येतं. आयजीआय दुसऱ्या प्रकारातला आहे. 'हे खऱ्यासारखं आहे' हेच त्याचं आपल्याला दिलेलं वचन होतं. आणि खऱ्यासारखं म्हणजे काय, ही कल्पना दर पाच वर्षांनी पुढे सरकते. वचन तिथंच राहतं.

पहारेकरी: त्यांना दिसत नव्हतं, आपणच त्यांना बुद्धी देत होतो

दुसरा थर आहे शत्रूच्या वागण्याचा. त्या काळातल्या बहुतेक खेळांत पहारेकऱ्याच्या डोक्यात मोजक्या अवस्था असायच्या. एक, गस्त घालणं: ठरलेल्या वाटेवर इकडून तिकडं. दोन, सावध होणं. तीन, गोळीबार. एका अवस्थेतून दुसरीत जायला एखादी ठरलेली घटना लागते: तुम्ही दिसलात, आवाज झाला, भोंगा वाजला. रस्त्यावरच्या सिग्नलसारखं समजा. लाल, पिवळा, हिरवा. सिग्नल विचार करत नाही, फक्त रंग बदलतो.

कॅफेत आम्हाला ते पहारेकरी हुशार वाटायचे. "त्यानं आपल्याला ऐकलं!" असं म्हणून आम्ही श्वास रोखायचो. आता शांतपणे बघितलं, तर एकाला गोळी लागून तो पडतो आणि थोड्या अंतरावरचा दुसरा त्याच चालीनं फेऱ्या मारत राहतो. मित्राचं प्रेत ओलांडून जाईल, पण त्याच्या चेहऱ्यावर काही नाही. आणि याच्या उलट टोक म्हणजे भोंगा. कॅमेऱ्यानं तुम्हाला टिपलं की भोंगा वाजतो आणि बराकीच्या दारातून माणसं बाहेर यायला लागतात. मारली की आणखी येतात. छोट्याशा खोलीत इतकी माणसं मावतील कशी, हा प्रश्न आम्ही तेव्हा विचारला नव्हता. भाच्यानं पहिल्या भोंग्यालाच विचारला. (हशा)

इथं मला एक गोष्ट कळली. तेव्हा खेळानं दिलेली बुद्धी थोडी होती, बाकीची आपण भरत होतो. तुलनेला दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून ती भरता येत होती. आज भाच्यानं असे खेळ खेळलेत जिथं पहारेकरी साथीदाराचं प्रेत पाहून थबकतो, ओरडतो, शोधायला निघतो. एकदा ते पाहिलं की रिकामी जागा रिकामीच दिसते. यात त्याचा दोष नाही. त्याची नजर जास्त तयार आहे, एवढंच.

सेव्हचा प्रश्न, म्हणजे वेळेचा प्रश्न

आता मुख्य मुद्द्यावर येतो. मिशनच्या मधे सेव्ह नाही.

लक्षात घ्या, 2000 साली हे तंत्र उपलब्ध नव्हतं अशातला भाग नाही. हाफ-लाइफ 1998 चा, त्यात वाटेल तिथं एक कळ दाबून सेव्ह करता यायचं. म्हणजे आयजीआयमध्ये ते नव्हतं, तर खेळाचा पोत तसा ठेवला गेला होता. आणि त्याचा परिणाम होतो, हे कबूल करायला हवं. जीव एकच आहे म्हटल्यावर प्रत्येक कोपऱ्यावर छाती धडधडते. दुर्बीण काढून आधी मनोरे मोजावेसे वाटतात. कुंपण कुठं तोडायचं, कॅमेरा कुठल्या बाजूला फिरतो, हे बघूनच पाय पुढं पडतो. 'मी एकटा शत्रूच्या तळात शिरलोय' ही भावना त्यातूनच येते.

पण हे पहिल्या वेळेला. दुसऱ्या वेळेलाही. सहाव्या वेळेला काय होतं? पहारेकरी त्याच जागी आहेत, त्याच वाटेनं फिरताहेत. तुम्हाला पाठ झालंय: पहिला डावीकडं, मग मनोऱ्यावरचा, मग शिडी, मग दार. ज्या नियमानं भीती निर्माण व्हायची, तोच नियम तुमच्याकडून पाढे म्हणून घ्यायला लागतो. खऱ्या सैनिकाला ती जागा नवी असते. आपल्याला ती बे एके बे झालेली असते. पंचवीस मिनिटं पाढे म्हणायचे, आणि शेवटच्या दोन मिनिटांत जे नवं आहे त्यात चुकलो की पुन्हा बे एके बे.

कुठलाही जुना खेळ तपासायला हा फरक उपयोगी पडतो. एक अवघडपणा असा असतो, की हरलात तरी काहीतरी शिकून परत येता. दुसरा असा, की शिकणं संपलेलं असतं आणि फक्त परत चालत यायचं असतं. आयजीआयमध्ये दोन्ही आहेत, आणि आम्ही तेव्हा दोन्हींना एकच नाव दिलं होतं: "टफ गेम आहे."

हे मी आजच्या चष्म्यातून म्हणतोय असं वाटेल, म्हणून एक पुरावा देतो. याच मंडळींनी 2003 साली दुसरा भाग काढला, 'आयजीआय 2: कोव्हर्ट स्ट्राइक'. त्यात मिशनच्या मधे सेव्ह करता येतं, पण मोजक्या वेळा. मला हा उपाय फार सुंदर वाटतो. भीती पूर्ण काढली नाही आणि पाढेही कमी केले. आता कुठं सेव्ह खर्च करायचा, हाच एक डाव झाला. म्हणजे पहिल्या खेळातली अडचण बनवणाऱ्यांनाही दिसली होती.

मग आम्ही का खेळत होतो?

त्या रात्री मला हा प्रश्न टोचत होता. वीस रुपये तास. खिशात बसभाड्याशिवाय चाळीस रुपये. म्हणजे दोन तास. त्यात मिशन पूर्ण झालं नाही तर पैसे गेले. आजच्या हिशेबानं हा खेळ आमच्यासाठी सगळ्यात वाईट निवड होती.

पण मागं तिघं उभे होते, हे विसरू नका. मी मेलो की खुर्ची दुसऱ्याला मिळायची. पाढे चौघांत वाटले जायचे. एकानं मनोरे पाठ केले, एकानं कॅमेरे, एकानं शिडीची जागा. मी चुकलो तरी पुढचा माझ्या चुकीपासून सुरुवात करायचा. खेळात सेव्ह नव्हता, तो सेव्ह आम्ही चौघं होतो. आयजीआयमध्ये दोघांनी एकत्र खेळायची सोय नाही, तो पूर्णपणे एकट्याचा खेळ आहे. तरी मी तो एकट्यानं कधी खेळलोच नव्हतो. दिवाळीच्या त्या रात्री पहिल्यांदा एकटा खेळलो.

आणि दुसरी गोष्ट, जी कबूल करायला जरा जड जाते. आमच्याकडे दुसरं काही नव्हतं. कॅफेच्या संगणकावर सात-आठ खेळ. जो होता तो आम्ही शेवटच्या थेंबापर्यंत पिळला. त्याला मी इतकी वर्षं 'आमचा धीर' म्हणत आलो. धीर होता, नाही असं नाही. पण त्यातला बराचसा वाटा टंचाईचा होता. भाच्याच्या फोनमध्ये हजार खेळ आहेत. त्यानं वीस मिनिटांत 'नंतर' म्हटलं, तर तो अधीर ठरत नाही. त्याच्या वेळेला पर्याय आहे, आमच्या वेळेला नव्हता. माझा राग चुकीच्या माणसावर होता.

जे जुनं झालं नाही

आता न्यायाची दुसरी बाजू. या खेळात आजही उभी राहणारी एक गोष्ट आहे, आणि ती कुठून आली हे सांगण्यासारखं आहे.

इनरलूपनं याआधी 1997 साली 'जॉइंट स्ट्राइक फायटर' नावाचा विमान उडवायचा खेळ केला होता. विमानाच्या खेळाला काय लागतं? दूरवर दिसणारी जमीन. मैलोन्मैल. आयजीआय त्याच इंजिनावर उभा केला. त्या काळातले बंदुकीचे बहुतेक खेळ बोळ, खोल्या, तळघरं यांत फिरायचे, कारण दूरचं दाखवणं संगणकाला झेपायचं नाही. आयजीआयमध्ये मात्र तुम्ही उंचावर उभे राहता आणि समोर सगळा तळ पसरलेला असतो. कुंपण, मनोरे, रस्ते, मागं डोंगर. आणि खेळ सांगत नाही की कुठून शिरा.

त्या रात्री पाचव्यांदा मरून परत आलो तेव्हा मी पळत सुटलो नाही. दुर्बीण काढली आणि नुसता बघत बसलो. वाऱ्याचा आवाज. दूरवर एक पहारेकरी फिरतोय. आणि क्षणभर कऱ्हाडचा तो कॅफे परत आला. ती जागा बघण्याची, आखण्याची मजा जशीच्या तशी आहे. हीच मजा पुढं 2004 च्या फार क्राय मध्ये आहे: आधी दुर्बिणीतून शत्रू हेरायचे, मग वाट ठरवायची. आजच्या मोठ्या खुल्या मैदानांच्या खेळांत तर ती नेहमीचीच झाली आहे. माझ्या भाच्याला ती नवी वाटली नाही, याचं कारण ती जिंकली आहे. सगळ्यांनी घेतली की कल्पनेवरचं नाव पुसलं जातं.

म्हणून मी असं म्हणेन: खेळ एकसारखा जुना होत नाही. त्याचे भाग वेगवेगळ्या वेगानं जुने होतात. दिसणं लवकर जुनं होतं, पण त्याला माफी मिळते. शत्रूची बुद्धी जुनी होते आणि हसू येतं. तुमच्या वेळेशी केलेला व्यवहार जुना झाला की मात्र माणूस उठून जातो. आणि एखादी बघण्याची रीत, एखादी मोकळीक, ती टिकते, बहुतेक वेळा दुसऱ्याच्या घरात.

श्रोत्यांचा प्रश्न

प्रश्न: सर, मग जुना खेळ पुन्हा खेळावा, की आठवणीतच ठेवावा? खेळून आठवण बिघडते ना?

बिघडते थोडी. पण मला वाटतं, खेळावा. मी न खेळता बसलो असतो तर आयुष्यभर 'आमच्या वेळी काय खेळ होते' म्हणत राहिलो असतो आणि भाच्याला अधीर ठरवत राहिलो असतो. खेळल्यामुळे कळलं की त्यातलं किती त्या खेळाचं होतं, किती टंचाईचं आणि किती मागं उभ्या असलेल्या तिघांचं.

आणि खेळायचाच असेल तर एक सुचवतो. एकट्यानं खेळू नका. परवा भाचा पुन्हा आला होता. मी त्याला खेळायला सांगितलं नाही. मी स्वतः खेळायला बसलो, आणि तो मोबाइल बघत शेजारी. दहा मिनिटांनी आवाज आला, "मामा, डावीकडं बघ. मनोऱ्यावर आहे एक."

(टाळ्या)